कोवळा कान

आमच्या बँडचं नाव बदललं तेव्हा आमच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर नऊ देशांतली तोंडं होती. नुसती तोंडं, नाक नाही, डोळे नाहीत. ती तोंडं 'मिठागर' म्हणायचा प्रयत्न करत होती. 'ठा'ला येऊन फसत होती, थुंकल्यासारखं करून पुढे जात होती, आणि प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका पडत होता.

"बघितलंत ना?" रेवती सबनीस म्हणाली. परदेशात बँड पाठवणाऱ्या कंपनीची बाई. आमच्याशी बोलताना ती कायम लहान मुलांना समजावल्यासारखी बोलायची. "ज्याला नाव घेता येत नाही तो आपल्या कार्यक्रमाला येत नाही. इतकं साधं आहे."

"त्यान्ला सांगा जरा सुकं बोंबील चघला म्हनून," कैलास म्हणाला. "जीभ सुटंल."

हेमंतनं त्याला टेबलाखालून लाथ मारली.

आम्ही तिघं. हेमंत मोकल माझा सख्खा मोठा भाऊ, बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे आमचा बेंजो: लाकडी पेटी, वर तारा, टाइपरायटरसारखी बटणं. हळदीत जो वाजला की म्हातारीपण पदर खोचते तो. कैलास तांडेल ढोलावर. आणि मी, जागृती, गाते. आमच्या आज्यानं खारकोंड्याच्या मिठागरात आयुष्यभर मीठ ओढलं म्हणून बँडचं नाव मिठागर. ते आगर आता भराव टाकून बुजवलंय. वर कंटेनर उभे असतात.

नवीन नाव आलं: इलोमा.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"काही नाही," रेवती म्हणाली. तिला त्याचा अभिमान होता. "जगातल्या कुठल्याही भाषेत याचा काही अर्थ नाही. मशीननं खात्री केलीय."

हेमंत लगेच म्हणाला, "मस्त हाय."

तो असा का म्हणाला ते सांगते. आमचा धंदा कुणी मारला ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच मारलात. हळदीला बेंजो बोलवायचा तुम्ही बंद केलात, कारण मशीनला नवरा-नवरीचं नाव सांगितलं की ते गाणं करून देतं. हव्या त्या आवाजात, हव्या त्या चालीत, पाहिजे तितका वेळ. ते दमत नाही, जेवायला मागत नाही, दारू पिऊन भांडत नाही. तीन वर्षांत आमच्याकडची बेंजो पथकं संपली. हेमंत कंटेनरच्या गेटवर नोंदी करायला लागला. कैलासनं ढोल माळ्यावर टाकला. मी घरी बसले.

मग उलटं वारं आलं, पण ते परदेशात. तिकडच्या लोकांना मशीनच्या गाण्यांचा वीट आला. तिकडे नवे हॉल निघाले, नियम एकच: गळा जिवंत पाहिजे आणि गळ्याच्या नि कानाच्या मध्ये सूर दुरुस्त करणारं काही नको. गायकाच्या मानेवर एक पट्टी चिकटवतात. ती गळ्याची थरथर मोजते, हॉलमधल्या आवाजाशी ताडून बघते. केसाइतका फरक पडला तरी दिवा लाल होतो आणि लोक उठून जातात. म्हणजे आता चुकलेला सूर मशीनकडून दुरुस्त करून घ्यायची सोय नाही.

मग दुरुस्त कुणाला करायचं? गायकाला.

रेवतीनं माझं गाणं सहा शहरांतल्या हजार माणसांना ऐकवलं होतं. जिथे जिथे त्यांना 'ही चुकली' असं वाटलं तिथे पडद्यावर लाल रेघ होती. गाणं गोवर आल्यासारखं दिसत होतं. मी रेघा बघितल्या. प्रत्येक रेघ तिथे होती जिथे मी आयकडून, म्हणजे आईकडून, शिकलेली वळणं घेतली होती.

"तुझा गळा सोनं आहे, जागृती," रेवती म्हणाली. "प्रॉब्लेम गळ्याचा नाहीच. कानाचा आहे. तुझा कान ज्याला बरोबर म्हणतो ते त्यांना चूक वाटतं. हेमंतनं बेंजोचं बटण दाबून तार ओढायची सोडली की तो सुधारला. कैलासला तर सुराचा प्रश्नच नाही. राहिलीस तू."

*

कानाच्या डॉक्टर वसईच्या, शेरॉन फर्टाडो. बाई सरळ होती. कागदावर चित्र काढून तिनं मला समजावलं.

तान्ह्या पोराला सगळं वेगळं ऐकू येतं. जगातल्या कुठल्याही भाषेतला बारीक फरक, कुठल्याही गाण्यातला बारीक फरक. मग मेंदू हळूहळू ठरवतो की या दोन आवाजांना वेगळं धरायचं आणि या दोनांना एकच समजायचं. आजूबाजूला जे ऐकू येतं त्यावरून ठरवतो. एकदा ठरलं की मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी घट्ट होते. ती घट्ट झाली की कान पक्का. मग परक्याचं गाणं ऐकलं तरी आपण ते आपल्याच खणांत टाकतो.

"ही गोळी ती जाळी सैल करते," डॉक्टर म्हणाली. "सहा आठवडे तुमचा कान तान्ह्या पोरासारखा कोवळा होतो. त्या काळात जे ऐकाल त्याप्रमाणे नवीन खण पडतात. तुमच्याकडचे सूर एकमेकांच्या फटीत बसतात. तिकडे बाराच खण, सगळे सारख्या मापाचे. ते बारा तुमच्यात पक्के होतील. गोळी थांबवली की जाळी परत आवळते."

"आन् जुना कान?"

"दोघांना जागा नसते."

"बोलनं?"

"त्याची काळजी आम्ही घेतो. रोज दोन तास मराठी बोलणं ऐकवायचंच, नाहीतर तेही सैल होईल."

मी सही केली. माझ्यावर कुणी पिस्तूल धरलं नव्हतं, उगाच रडगाणं गाणार नाही. मला गायचं होतं. घरात बसून बसून माझा गळा कुजत होता, आणि गेटवरून परतलेल्या हेमंतचं तोंड मला बघवत नव्हतं. आयचा विचार आला का? आला. तो मी सोडवला होता, असं मला वाटत होतं.

*

आमची आय, गोमीबाय, धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण पाहिजेच. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गाते, आणि तो गाऊन झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. नऊ वर्षांची होते तेव्हापासून मी तिच्या पाठीमागे बसून तिची ओळ उचलायचे. ती अर्धी म्हणणार, उरलेली मी.

होळीच्या आधी तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची नळी तुंबली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पार गेलं. 'पानी' म्हणता येईना. जीभ हलायची, शब्द नाही. पण आठव्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवर ती गायला लागली. शब्द नव्हते, नुसता आ. डॉक्टर म्हणाले असं होतं. बोलणं डावीकडे राहतं, गाण्याला उजवीकडेही घर असतं.

इतरांना वाटलं म्हातारी कण्हतेय. मी ओळखलं. तो तांदूळ कांडायचा धवला होता. मी पेज आणली, ती जेवली. मग पाणी भरायचा धवला म्हणजे तहान. तेल चढवायचा म्हणजे पाठ चोळ. हळद उतरवायचा म्हणजे अंघोळ. मांडवाचा म्हणजे मला बाहेर पडवीत ने. असे चौदा. चौदा धवल्यांत आय घर चालवायला लागली. हेमंतला शिव्या घालायला तिनं वरातीचा धवला ठेवला होता, त्याचा नुसता पहिला सूर लावला की तो हसत पळायचा.

बाहेरच्याला हे चौदाही एकच वाटतील. सगळे चार सुरांत फिरतात. फरक आहे तो सुरांच्या मधल्या फटीत. अमक्यात दुसरा सूर जरा बसका, तमक्यात तिसरा चढताना थोडा रेंगाळतो. बस्स.

म्हणजे जो कान मी देऊन टाकणार होते, त्याच कानावर आय जगत होती. हे मला कळत होतं. म्हणून कैलासनं चाल ओळखून तिचा अर्थ बोलणारा फोन बसवला. मी त्याला चौदा चाली म्हणून दाखवल्या, त्यानं त्या भरल्या आणि फोन आयच्या खाटेशी टांगला. तीन दिवस आम्ही तपासलं. आय गायची, मी आपली सवयीनं शेजारी बसून तिच्यामागे गुणगुणायचे, फोन बोलायचा 'भूक', हेमंत भात कालवून आणायचा, आय जेवायची. चौदाच्या चौदा बरोबर.

"तू जा गो बिनधास," हेमंत म्हणाला. "मी हाय ना इकरं. सा हप्त्यांचा तं सवाल हाय."

निघताना आयनं माझ्या गालाला डावा हात लावला. फोन काही बोलला नाही, कारण ती गायली नव्हती.

*

कर्जतजवळ बंगला होता. खिडक्यांना तीन पदरी काच. पाखराचा आवाजसुद्धा आत येऊ नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि झोपेतसुद्धा कानात ते बारा सूर. वरखाली, जोडीनं, तीन-तीनांचे झुबके करून. दोन तास मराठी: कुणीतरी बाई शेतकी माहिती वाचायची. पहिल्या आठवड्यात मला उलट्या झाल्या. नळाचा आवाज, चमच्याचा आवाज, सगळं उघडं-नागडं आत घुसायचं. तिसऱ्या आठवड्यात ते बसायला लागलं. सूर एकमेकांवर विटांसारखे रचले जायला लागले.

खोटं बोलणार नाही. ते सुंदर होतं. दोन सूर एकत्र लागले की असं काही उघडायचं जे मला आयुष्यात ऐकूच आलं नव्हतं. मी रडले एकदा त्यानं.

पाचव्या आठवड्यात त्यांनी एक जुनी नोंद ऐकवली. कुणीतरी बाई ढोलावर गात होती. मला हसू आलं. "ही कोन? काय भेसूर गाते."

खोलीतल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. ती मी होते.

सहा आठवड्यांनी तालीम झाली. मानेवर पट्टी, पडद्यावर सहा शहरं. हेमंतचा बेंजो आता तार न ओढता टुणटुण स्वच्छ वाजत होता. एकही लाल रेघ नाही. पडद्यापलीकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रेवतीनं मला मिठी मारली. "इलोमा!" ती ओरडली. कैलास माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जागू, मना तं लिफ्टमदं उभा राहून गाना आयकल्यासारका वाटतंय." हेमंतनं त्याला परत लाथ मारली, पण हसून. त्याचे डोळे भरले होते. दहा दिवसांनी विमान होतं.

*

घरी गेले तर खाटेवर आय नव्हती, आयचं खोड होतं. गालफडं आत गेलेली. गळ्याखालची हाडं वर आलेली.

"काय झाला हिला?"

हेमंत जमिनीकडे बघून म्हणाला, "जेवत नाय. दोन घास घेते, थुकते."

"कवापासून?"

"तू गेलीस तवापासून."

"आन् मना सांगतंस आता?"

"सांगलं असता तं तू अर्ध्यावर पलून आली असतीस! मंग काय केला असता? सगला वाया!" तो ओरडला. मग खाली बसला. "फोन बरोबर बोलतो गो. भूक बोलतो, मी भात आनतो. ती तोंड फिरवते. मना नाय कलत ती काय मांगते."

तेवढ्यात आय गायला लागली.

मला आधी कळलंच नाही की ती गातेय. एक घोगरा, ओघळणारा आवाज, कुठल्याही सुरावर न बसणारा. बाराच्या बारा खणांच्या कडांना घासत जाणारा. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो मायेचा नव्हता. मला कान झाकावेसे वाटले.

"भूक," फोन म्हणाला.

आय अर्ध्यावर थांबली होती. माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती.

तेव्हा मला कळलं. उभ्या उभ्या कळलं. तिनं कधी भात मागितलाच नव्हता. धवलारीण काही मागत नसते. ती अर्धी ओळ म्हणते, मागची ती उचलते, ओळ पुरी होते, आणि मग कांडणाऱ्या बाया मुसळाला हात घालतात. ओळ उचललीच नाही तर विधी होत नाही. न उचललेल्या धवल्यावर काही केलं तर ते अशुभ. एकदा बोकडविरा गावच्या लग्नात मला खोकला आला म्हणून ओळ राहिली होती, तर आय गप्प बसून राहिली. नवरा अक्षता हातात घेऊन उभा, पाहुणे ओरडतायत, पण माझा खोकला थांबेपर्यंत तिनं मांडव हलू दिला नाही. आणि दवाखान्यात, नि त्या तीन दिवसांत फोन तपासताना, ती जेवली कारण मी शेजारी बसून उचलत होते. इतकी सवयीनं, की आम्हा तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. आम्ही चौदा चाली मशीनला शिकवल्या. ऐकायला शिकवलं. उचलायला नाही.

आणि ते शिकवलं असतं तरी काय? आय काय फोनची ओळ घेणार होती?

मी खाटेशी बसले आणि उचलली.

आय गप्प झाली. तिनं मान तिरकी केली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी पुन्हा उचलली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

नवीन पोरगी चुकली की ती असंच करायची. रागवायची नाही, पहिल्यापासून म्हणायची. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिनं मला एकच ओळ साठ वेळा म्हणायला लावली होती. पण तेव्हा मला माझी चूक ऐकू येत होती. आता मला माझं बरोबर वाटत होतं. स्वच्छ, सरळ, विटेवर वीट. आणि तिच्या डोळ्यांत मी कुणी परकी बाई होते, जी मुलीचा झंपर घालून बसली होती.

तिसऱ्या वेळेनंतर तिनं डोळे मिटले.

*

"नाही," डॉक्टर फर्टाडो फोनवर म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही. जाळी एकदा सैल करून आवळलीय. परत सैल केली तर परत आवळेलच याची खात्री नाही."

"नाय आवलली तं काय व्हईल?"

"आवाज ऐकू येईल, शब्द कळणार नाहीत. कुणी बोललं तर पावसासारखं वाटेल. लिहिलेलं वाचता येईल, लिहिता येईल. पण बोलणं सुटं सुटं होऊन जाईल, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. जागृती, तुमच्याकडच्या उरलेल्या गोळ्या परत पाठवा. आजच."

सहा आठवडे पुरले नाहीत तर हाताशी असाव्यात म्हणून कंपनीनं दुप्पट गोळ्या दिल्या होत्या. त्या माझ्या पिशवीत होत्या.

मी हेमंतला सांगितलं तेव्हा तो पडवीत बेंजोच्या तारा बदलत होता.

"तू येरी झालीस काय?"

"मंग आयचा काय करू?"

"नाकातून नली घालतील! जगंल ती!"

"नलीवं जगंल."

"आन् आमी? मी गेटवं मरू? दहा वरसं वाजवला मी, जागू! पयल्यांदा कोनी उभं राहून टाल्या वाजवल्यान!" त्यानं हातातली तार पेटीवर टाकली. "ती जाईल गो आज ना उंद्या. आय हाय, माजी पन हाय. पन ती जाईल, मंग तुना ना ती ना गाना ना बोलना. काय रायल तुज्याकरं?"

  तो खरं बोलत होता.

मी येत नाही म्हटल्यावर रेवतीला मात्र वाईट वाटलं नाही. "बरं केलंस वेळेवर सांगितलंस," ती म्हणाली. तिच्याकडे कोवळा कान झालेली दुसरी मुलगी तयार होती. तेव्हा मला इलोमा या नावाची खरी खुबी कळली. ज्याचा अर्थच नाही त्यात कुणीही बसतं.

विमान ठरल्या दिवशी हेमंतला नि कैलासला घेऊन गेलं. कैलास जाताना दारात आला, काहीतरी चेष्टा करायला त्यानं तोंड उघडलं, आणि माझ्या हाताला हात लावून गेला.

*

मी दारं-खिडक्यांना गोधड्या लावल्या. आरोग्य केंद्रातली सिस्टर रोज सकाळी आयच्या नाकात घातलेली नळी बघायला यायची, तिला पाटीवर लिहून दाखवलं: इथे बोलू नका. फोन खाली काढून कपाटात टाकला. मग गोळी घेतली.

सुरुवातीला मी रोज दोन तास रेडिओवरच्या बातम्या कानाला लावायचे, बोलणं टिकावं म्हणून. उरलेला सगळा दिवस आय. ती जागी असेल तेव्हा पहिली ओळ सुरू करायची. मी उचलायचे. ती पहिल्यापासून. दिवसाला किती वेळा ते मोजलं नाही. तिचा आवाज रोज बारीक होत होता. दोनदा तिनं नळी ओढून काढली. त्या दिवशी मी तिला हलवून हलवून ओरडले, "घे ना गो! उचलली ना मी! अजून कशी उचलू?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात खणांच्या भिंती जरा हलल्यासारख्या वाटल्या. दुसरा सूर बसका आहे असं एकदा ऐकू आलं, आणि बातम्या ऐकल्या की परत बुजून गेलं. बातम्यांतल्या बाईचं बोलणं, मधली जाहिरात, जाहिरातीतली ट्यांव ट्यांव. ते सगळं आयच्या सुरावर भराव टाकत होतं.

आयच्या मनगटाला हात लावला. नाडी शोधावी लागली.

मी बातम्या बंद केल्या.

त्यानंतर घरात एकच आवाज राहिला. त्याला सूर म्हणावं की बेसूर हा प्रश्नच हळूहळू गेला. तो होता तसा होता. मी त्याला कशात टाकत नव्हते. सिस्टर एकदा विसरून काहीतरी बोलली आणि मला पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू आलं. मी घाबरले नाही असं नाही. मी न्हाणीत जाऊन स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. तोंडाला कळलं, कानाला नाही.

परत येऊन खाटेशी बसले.

सदतिसाव्या दिवशी दुपारी आयनं तांदळाची ओळ म्हटली. दुसरा सूर बसका होता. नुसता बसका नाही. तो बसता बसता जरा मागे बघतो. नऊ वर्षांची असताना मला ते माहीत होतं. मी उचलली. माझा आवाज तिच्या आवाजाच्या फटीत गेला आणि तिथेच राहिला.

आय थांबली. मी पण.

ती दुसऱ्या ओळीवर गेली.

मी तीही उचलली. मग तिसरी. मग धवला संपला आणि तिनं तोंड उघडलं. पेज चुलीवर नव्हती. मी धावत जाऊन माझ्यासाठी ठेवलेला मऊ भात पाण्यात कुस्करला. चार घास खाल्ले तिनं. पाचवा थुंकला नाही, हातानं बाजूला केला. पोट भरल्यावर माणूस करतो तसा.

*

गोळ्या संपून आता दोन महिने झाले. जाळी आवळली नाही.

काल हेमंत आला. दारात उभा राहिला, अंगात चांगलं जाकीट, केस कापलेले. इलोमा तिकडे चांगली चाललीय असं कैलासनं मला लिहून कळवलं होतं. हेमंत बोलायला लागला. तोंड हलत होतं, हात हलत होते, आणि माझ्यापर्यंत येत होतं ते नुसतं पाणी. चढणारं, उतरणारं. तो रागावलाय की रडतोय तेवढं चढ-उतारावरून कळलं. दोन्ही करत होता. मी पाटी पुढे केली. त्यानं खडू घेतला आणि तसाच खाली बसला.

आत आय गायला लागली.

मी चौदा ताडून बघितले. कांडायचा नव्हता, पाण्याचा नव्हता, हळदीचा नाही, वरातीचा नाही. या चौदातला तो नव्हताच. हा मी कधी कुठल्याच लग्नात ऐकला नव्हता. तिनं अर्ध्यावर आणला आणि थांबली. तिलाही पुढचं माहीत नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

मी हेमंतला तिथेच सोडून आत गेले, तिच्या पाठीमागे बसले, आणि उचलली.